वैजनाथची उणीदुणी

आमची सायकलची स्पर्धा रविवारी झाली आणि सोमवारी दुपारी मी नांदेडच्या दवाखान्यात वैजनाथच्या खाटेच्या कडेला टेकलो. अहमदपूरहून एसटीत उभ्यानंच आलो होतो, अंग ठणकत होतं, आणि खरं सांगायचं तर यायचा कंटाळाही आला होता. पण आलो नसतो तर त्यानं फोन करकरून जीव खाल्ला असता. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. त्याचा चेहरा पिवळा पडला होता, डोळेसुद्धा. मला बघून त्यानं कसा आलास, जेवलास का, असलं काही विचारलं नाही. थेट म्हणाला, "हं, उणीदुणी सांग." मी म्हणालो, "छान झालं रे..." तर सलाईन लावलेला हात त्यानं वर केला. तो त्याचा नियमच होता. स्पर्धा संपली की सगळ्यांनी बसून काय चुकलं ते सांगायचं, आणि छान म्हणायचं नाही. मग मी सांगत गेलो. तलावाच्या बांधावरचं निशाण वाऱ्यानं उलटं झालं होतं. नकाशात जिथं ओढा दाखवला होता तिथं कुणीतरी ओढा बुजवून हरभरा पेरला होता. हुरडा कमी पडला. लातूरच्या पोरांचं म्हणणं, चहा पाजता का पाक. तो प्रत्येक तक्रारीला हुं म्हणत होता, हरभऱ्याला मात्र हसला. मग विचारलं, "नायगावची रेणुका काय म्हणली?" मी म्हणालो, "तेच, दरसालचं." "तेवढं एक सोडून बोल," म्हणाला आणि डोळे मिटले.

मला वाटलं, लागली झोप. तर तसाच डोळे मिटून म्हणाला, "आता माझं सांग."

"तुझं काय?"

"माझी उणीदुणी. माणूस म्हनून. तू न्हाई सांगनार तर कोन सांगनार..."

मी म्हणालो, "गुमान पडून राहा. घरी आलास की सांगतो. तुझी काढायची म्हणजे अख्खा दिवस लागंल." तो हसला. नंतर वहिनी आल्या, मी परतीची गाडी धरली. वैजनाथ त्याच आठवड्यात घरी आला, पण झाकलेला. महिना उलटून गेला आता. सांगायचं ते माझ्याजवळच राहिलं, आणि ते घेऊन मी दुकानात बसतो, जेवतो, झोपतो. वैताग आलाय त्याचा.

वैजनाथ आयुष्यभर सरकारी मोजणीत होता. शेतांच्या हद्दी मोजायच्या, दगड रोवायचे, आणि बांधाच्या दोन्ही अंगाला उभ्या असलेल्या भावाभावांचे शाप घेऊन घरी यायचं. औश्यापासून नायगावापर्यंत असा तालुका नसेल जिथं त्याच्या नावानं कुणी बोटं मोडली नाहीत. "मोजनीनंतर दोघंबी खूश दिसले की समजायचं, आपलं कायतरी चुकलं," असं तो म्हणायचा. निवृत्त झाल्यावर पोराकडं पुण्याला गेला आणि तिथं त्यानं डोंगरात सायकल चालवायची एक स्पर्धा बघितली. नेहमीची शर्यत नव्हे. ओरिएंटीअरिंग का काय म्हणतात ते. हातात नुसता नकाशा देतात, त्यावर काही ठिकाणं खुणावलेली असतात, आणि आपली वाट आपण शोधत त्या सगळ्या ठिकाणी सायकलनं जाऊन यायचं. जो लवकर येईल तो जिंकला. फोन बघायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. परत आला तो माझ्या दुकानातच उतरला. म्हणाला, "दत्ता, जल्मभर मी नकाशा उलगडला की लोकं काठ्या काढायची. तिथं लोकं नकाशा बघून हसून राहिले होते रे."

माझं दुकान शिलाईचं. शाळेचे गणवेश, ताडपत्र्या, मंडपाचे पडदे. त्यानं फोनमधला एक फोटो दाखवला. ठिकाणावर टांगतात ते निशाण, तीन बाजूंचं, अर्धं पांढरं अर्धं नारिंगी. "हे शिवून दे." मी विचारलं, किती? तो म्हणाला, आधी थोडीच दे. तो थोडीच म्हणाला तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. निशाणं शिवली, मग त्याच्या स्कूटरवर मागं बसून माळामाळानं ती टांगली, मग पाण्याचे जार उचलले, मग चहा उकळला. दरसाल स्पर्धा झाली की मी म्हणायचो, बस झालं, पुढच्या साली मला धरू नको. तो म्हणायचा, हाव. आणि पुढच्या साली दिवाळी संपली की आपला दुकानाच्या पायरीवर हजर, हातात कापडाचा गठ्ठा.

पहिल्या सालची गंमत सांगतो. स्पर्धेला लातूरची, नांदेडची, थोडी पुण्याकडची मंडळी आली. दुपारी एकेक जण परत येऊन सांगू लागला, निशाणं जागेवर नाहीत. आम्ही माळावर गेलो तर खरंच नाहीत. झालं होतं असं की मोजणीवाला वैजनाथ शेताशेतानं नारिंगी फडकी बांधत हिंडतोय हे बघून गावांनी ओळखलं, नवा रस्ता येतोय आणि जमिनी जाणार. रातोरात सगळी काढून टाकली. एकानं तर माझ्या शिलाईची झूल करून वासराच्या पाठीवर घातली होती. संध्याकाळी वैजनाथनं सगळ्यांना आपल्या आखाड्यावर नेलं. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, खोलीला आखाडा म्हणतात. तिथं एक डुगडुगणारं लाकडी स्टूल होतं, त्याच्या आखूड पायाखाली त्यानं नकाशाची घडी सरकवली, वर बसला आणि म्हणाला, "बोला. मोजनीत लोकं माझ्या माघारी बोलायची, तुम्ही तोंडावर बोला. फकस्त छान म्हणायचं न्हाई." लोक काय सोडतात होय? नकाशा जुना, काट्यांनी ट्यूबची चाळण झाली, पाणी कुठं ते कळेना, निशाणं वासरांच्या अंगावर. तो मान डोलवत ऐकत होता. मी कोपऱ्यात चहा गाळत बघत होतो. माणसाला शिव्या पडतायत आणि त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालंय, असं मी दुसरं कुणाचं बघितलं नाही.

आणि ऐकून सोडून द्यायचं, हे त्याच्यात नव्हतं. प्रत्येक तक्रारीच्या जागी तो स्वतः जाऊन यायचा, मला घेऊन. काटे जास्त म्हणले तर ती पाणंद सोडून दुसरी शोधायची. निशाणं गेली म्हणून पुढच्या साली शेताशेतात जाऊन बसला, चहा प्याला, समजावलं की बाबांनो, रस्ता नाही, खेळ आहे. तर त्यानं भलतंच झालं. लोकांना निशाणाची माया लागली. सायकलवाला दिसला की आउत सोडून बांधावर येऊन हाका मारायचे, "ओ पाव्हणं, तिकडं कुटं चाललाव? तुमचं निशान हिकडं हाय." वाट शोधायचा खेळ आणि पावला-पावलावर वाट सांगणारी माणसं. उणीदुणीला पुण्याच्या एका गड्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, विचारलं नाही तरी सांगतात, ह्यात आम्ही काय शोधायचं?

त्या तक्रारीसाठी आम्ही परत गेलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वैजनाथनं हात जोडून सांगितलं, बाबा, सांगू नको, ते चुकले तर चुकू दे, त्यातच मजा आहे. "मानूस चुकून राहिला अन् आपण बगत बसायचं?" म्हातारा म्हणाला. "साहेब, ते आमच्याच्यानं व्हनार न्हाई." परत येताना वैजनाथ स्कूटरवर हसत होता. ह्यावर औषध नाही म्हणाला. मग त्यानं नियम काढला. लोकांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं, त्याला इलाज नाही, पण आपण विचारायचं नाही. विचारलं की बाद. त्या नियमावर तो लई खूश होता.

रेणुकाचं भांडण ह्याच नियमाशी. ती नायगावला पोस्टात आहे, सायकल चांगली चालवते, आणि जीभ त्याहून. एका साली माळावर तिचं चाक बसलं, पाणी संपलं, वाट चुकली. समोर एक बाई तूर कापत होती. पण विचारलं तर बाद, म्हणून रेणुका बोलली नाही, आणि बाईनं मान वर केली नाही. पोरगी दिवस मावळल्यावर सायकल ढकलत आली, ओठ फुटलेले. उणीदुणीला उभी राहून म्हणाली, "अप्पा, खेळ खेळाच्या ठिकाणी. अडचणीत असलेल्याला विचारू द्या." वैजनाथनं आयुष्यात तेवढी एकच तक्रार घेतली नाही. "मग खेळ राहत न्हाई बाई. आपली वाट आपणच काढायची," म्हणाला. पुढच्या साली तिनं तेच म्हटलं, त्याच्या पुढच्या सालीही. एरवी नखाएवढी चूक दाखवली तरी दहा कोस जाऊन येणारा माणूस, इथं मात्र अडून बसायचा. मला तेव्हा वाटायचं, असतो एकेकाचा हट्ट.

ह्या दिवाळीनंतर तो पायरीवर आला तेव्हा बारीक दिसला. मी म्हणालो, काय रे, गळाला नुसता. म्हणाला, ॲसिडिटी हाय, सोडा घेऊन राहिलो. निशाणांच्या जागा बघायला माळावर गेलो तर दर चढाला स्कूटर थांबवून बांधावर बसायचा, पोटाला हात लावून. परत विचारलं. परत ॲसिडिटी. तिसऱ्यांदा दुकानात विचारलं तर खेकसला, "डाक्टर हायस का टेलर?" मी निशाणं शिवत बसलो. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात वहिनींनी त्याला उचलूनच नांदेडला नेला. डॉक्टर म्हणाले, पोटातलं आहे, पसरलंय, दिवाळीच्या आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. वहिनींना तेव्हा कळलं की दुखणं पावसाळ्यापासूनचं होतं. घरात नाही, मला नाही, पुण्याच्या पोराला नाही... कुणाला म्हणून त्यानं विचारलं नव्हतं. अरे, आमच्या गल्लीत नुसतं पोट धरून उभं राहा, चार जण येऊन सांगतील, लातूरला कुठं जायचं, नांदेडला कुठं, कुणाचा हात चांगला, कोण सोबत येतो. त्यातला एक तर गाडीच काढेल. अशा मुलखात हा माणूस दुखणं घेऊन एकटा हिंडला.

मातीला लई लोक होते. ज्यांनी बोटं मोडली तेही होते. नंतर शोकसभा झाली. एकेक जण उठत होता आणि म्हणत होता, अप्पा किती छान माणूस, किती छान काम. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. मला बोलायला सांगितलं तर घसा बसलाय म्हणालो. घसा काही बसला नव्हता. डोकं तापलं होतं. एवढी माणसं, आणि सगळी छान म्हणतायत. वैजनाथ असता तर हात वर करून थांबवलं असतं त्यानं.

मागच्या रविवारी वहिनींचा निरोप आला, भावजी, आखाड्यात उंदीर झालेत, तुमची निशाणं घेऊन जा. मी गेलो. कसं कुणास ठाऊक, बाकीच्यांनाही कळलं होतं. लातूरची पोरं आली होती, रेणुका आली होती. वहिनींनी चहा टाकला. निशाणं खुंटीला होती, नारिंगी रंग विटून भाजक्या विटेसारखा झालेला. स्टूल जागेवर होतं, पायाखाली नकाशाची घडी तशीच. सगळे स्टुलाकडं तोंड करून खाली सतरंजीवर बसले. सवयच ती. मग एका पोरानं सुरू केलं, अप्पांची आठवण म्हणून स्पर्धा छान...

"छान म्हणायचं नाही," मी म्हणालो. आवाज मोठा आला, वहिनी चुलीपुढून वळल्या. पण आता आलाच होता तर मी थांबलो नाही. रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणालो, "तू माझं सांग म्हणाला होतास. ऐक मग. एकच आहे, अख्खा दिवस लागणार नाही. तू विचारलं नाहीस. मी तीनदा विचारलं, तू खोटं सांगितलंस. आम्ही इतके जण होतो, वैजनाथ. तू विचारलं असतंस तर आम्ही सांगितलं असतं. सोबत आलो असतो. मला फार राग आलाय तुझा." वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तो बाजूला करून म्हणाल्या, "भावजी, माझंबी तेच लिहून घ्या."

चहा गार झाला. रेणुका उठली, पण नेहमीसारखी तावातावानं नाही. "माझी दरसालचीच तक्रार आहे," ती म्हणाली, "पण आता ऐकायला कोण आहे?"

मी खुंटीवरची निशाणं काढत होतो. गुडघे दुखत होते, दुकानात लग्नसराईची शिलाई पडली होती, आणि हे साल माझं शेवटचं, हे मी घरून ठरवूनच आलो होतो. खाली सतरंजीवर बसलो तर उठता येत नाही मला. मी निशाणं मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसलो. वैजनाथच्या वजनानं ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच एका अंगाला कललेलं होतं.

"घेतली तक्रार," मी म्हणालो. "विचारायचं. ज्याला वाट सापडत नाही त्यानं विचारायचं, आणि विचारणाऱ्याला कुणी बाद करायचं नाही. पुढचं बोला."