या आता

काकूंच्या हाताखालून अख्खी गल्ली गेली होती, म्हणजे गल्लीच्या पॅंटी गेल्या होत्या. कुणाची लांबी कमी करायची, कुणाची चेन बदलायची, पोट सुटलेल्याची कंबर सैल करायची आणि त्याच्या बायकोला सांगायचं नाही. शिवायला कुणीही शिकतं, उसवायला शिकण्यात जन्म जातो, असं त्यांचं ठाम मत होतं. मशीन दाराशेजारीच होतं. कपडे मिळाल्यावरही गिऱ्हाईक गप्पा मारत रेंगाळलं, की काकू हात जोडून गोड आवाजात म्हणायच्या, "बरंय, या आता!" गिऱ्हाईक निमूटपणे चार मजले उतरायला लागायचं.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या आणि स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत दुखरा डावा पाय ओढत चढले. एका सकाळी "येतो गं" म्हणून निघाले ते कामावरच छातीत कळ येऊन गेले.

पुढच्याच महिन्यात एकदा संध्याकाळी पावणेसहाला जिन्यावर पाऊल वाजलं. एक हलकं, एक ओढलेलं. दारापर्यंत आलं आणि थांबलं. काकूंनी दार उघडलं नाही, हाक मारली नाही. आपण बोललो आणि ते यायचेच थांबले तर? त्यानंतर पाऊल रोज येऊ लागलं. चढताना वाजायचं, उतरताना कधीच नाही. अशी नऊ वर्षं गेली. मधेच कधीतरी लेकाने आपल्याकडे राहायला या म्हणून लकडा लावला, तेव्हा काकूंनी कॉलेजकडून परदेशी मुली ठेवून घ्यायला सुरुवात केली. सोबत आहे, असं सांगायची सोय झाली. पहिल्या तिघींपैकी एकीलाही कधी काही ऐकू आलं नाही. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं काकूंना अधूनमधून वाटायचं.

चौथी आली ती पुस्तकातून भाषा शिकून. मांजरालासुद्धा "आपण दूध घेणार का?" असं विचारायची. काकू तिला पाहुणी म्हणत. न विचारता फ्रिज उघडणं नाही, बेसिन पुसल्याशिवाय सोडणं नाही. पहिल्याच दिवशी ती "मी जाते" म्हणून कॉलेजला निघाली, तेव्हा काकूंनी टोकलं, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." तिने ते वहीत लिहून घेतलं.

आठव्या दिवशी पावणेसहाला पाहुणीने वहीतून मान वर केली.

"काकू, बाहेर कोणी उभे आहेत."

काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. "तुला ऐकू आलं?"

"रोज येतात. त्यांचा एक पाय दुखतो. आपण त्यांना आत का बोलावत नाही?"

काकूंच्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. "आमचे हे आहेत," त्या बोलून गेल्या. वारले म्हणून सांगायला जीभ रेटेना. "त्यांना बोलवायचं नाही."

नवराबायकोत अबोला आहे, एवढं पाहुणीला कळलं. दुसऱ्याच्या घरात राहायचं तर नाक खुपसू नये, हेही तिला कळत होतं. तीन महिने ती गप्प राहिली. पण माणूस रोज दारात ताटकळतो आणि आपण आत मजेत चहा पितो, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मग एका दिवशी गिऱ्हाइकाकडे माप घेताना काकूंना उशीर झाला. पावणेसहा चुकू नये म्हणून धापा टाकत त्या जिना चढत होत्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून पाऊल ऐकू आलं. एक हलकं, एक ओढलेलं. उतरणारं.

काकू भिंतीला चिकटल्या. जिन्यावर कुणीच नव्हतं. कठड्याच्या बाजूने ग्रीसचा ओळखीचा वास आला, क्षणभर त्यांच्यापाशी थांबला आणि खाली गेला. हात धरावा असं वाटलं, पण धरायला हात नव्हता. पाऊल तळमजल्यापर्यंत वाजत गेलं, मग थांबलं.

वर दार सताड उघडं होतं. पाहुणी उंबऱ्यात हात जोडून उभी होती, चेहरा रडवेला.

"मी बंद दारातूनच बोलले, अगदी मानाने. आपण सगळ्यांना म्हणता तेच. या आता. मग उघडलं, तर ते निघाले होते. माझं काय चुकलं?"

तिची बॅग उचलून जिन्यावरून भिरकावून द्यावी, असं काकूंना वाटलं. त्या मशीनपाशी बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. पाहुणीला सगळं सांगितलं ते रात्री. ती कितीतरी वेळ काकूंच्या पायाशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जिना शांत होता. तिसऱ्या दिवशीही. वर्ष संपेपर्यंत दोघी त्या वेळेला हातातलं काम थांबवून बसत. पाऊल काही आलं नाही.

शिक्षण संपलं. पाहुणीने बॅग उचलली आणि काकूंना वाकून नमस्कार करत म्हणाली, "येते, काकू."

काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "जाते म्हण."

"पण आपणच शिकवलंत..."

"चुकीचं शिकवलं. येतो म्हणून गेलेला माणूस, बाई, आलाच होता. माझा धीर होईना म्हणून त्याला मी नऊ वर्षं त्या दुखऱ्या पायावर दाराबाहेर उभं केलं. जे मी म्हणायला हवं होतं ते तू म्हणालीस. जा सुखाने."

"जाते," पाहुणी म्हणाली.

काकूंनी हात जोडले. पाहुणीला त्या पहिल्या दिवसापासून अगंतुगं करत होत्या. आता त्यांची नजर तिच्या खांद्यावरून रिकाम्या जिन्याकडे गेली.

"या आता," त्या म्हणाल्या.

पाहुणी उतरू लागली. कठड्याची बाजू मोकळी सोडून, भिंतीच्या कडेकडेने.