दाजींनी देवी टीव्हीत आणली त्याची गोष्ट

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान मानसिंग हवालदार, लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त होऊन माण तालुक्यातल्या आपल्या गावी आले आणि गावाची शांतता संपली. उभी हयात बिनतारी यंत्रांत गेलेली. त्यामुळे जगात जे काही बिघडतं ते संपर्क तुटल्यामुळे, अशी त्यांची पक्की समजूत. सासू-सुनेचं पटत नाही? संपर्क नाही. पाऊस पडत नाही? वर ऐकू जात नसेल.

त्यात माझ्या या थोरल्या बहिणीचं, बनुआक्काचं, खुब्याचं हाड मोडलं आणि डोंगरावरच्या देवीला जाणं कायमचं बंद झालं. दर मंगळवारी जाणारी बाई ती. रडली नाही, पण सोप्यात बसून डोंगराकडे बघत राहायची, ते बघवत नव्हतं. उतरताना बायका मात्र तिच्याकडे हमखास टेकायच्या. खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवायच्या, चहा घ्यायच्या आणि देवीला आज कुठलं लुगडं होतं, गुरवाचं कुणाशी वाजलं, कोण नवऱ्याशी भांडून वर येऊन बसली होती, हा सगळा अहवाल दिवेलागणीपर्यंत चालायचा.

दाजींना हे ऐकीव दर्शन पटेना. "अगं, तू नुसती थांब. घरबसल्या देवी दावतो तुला!"

मग काय विचारता! अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. मुंबईहून काड्यापेटीएवढा कॅमेरा आला, चित्र आणि आवाज बिनतारी खाली पाठवणारा डबा आला. डोंगरावर वीज नाही, म्हणून कराडहून सोलरची पाटी आणि बॅटरी. बॅटरी मी डोक्यावर वाहिली, कारण मेव्हणा म्हणजे लष्कराच्या हिशेबात खेचरच. मागून दाजी "सावकाश, सावकाश!" म्हणत होते. मला नव्हे, बॅटरीला.

टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग एकदम देवी. आक्काने पदर डोळ्यांना लावला. दाजींनी मिशीला जो पीळ दिला तो महिनाभर उतरला नाही.

पण पुढच्या मंगळवारी बायका डोंगर उतरल्या आणि रस्त्यावरूनच ओरडल्या, "बनुबाई, बघितलंस न्हवं समदं? येतो गं!" आता सांगायचं राहिलं होतं काय? पुढे पुढे तर देवळातच कॅमेऱ्याला विचारायच्या, "बरी हाईस न्हवं?" आक्का इकडे टीव्हीला म्हणायची, "हाय की." टीव्ही काही चहा पीत नाही. आधण तसंच आटून जायचं. दाजींना यातलं काहीच दिसलं नाही. ते पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होते.

खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागतं. शेजारच्या रंगुबाईने सोलरच्या पाटीचा चांगला मळवट भरला. ऊन पोचेना, बॅटरी उतरली, टीव्ही काळा. मंगळवारी आक्काने सोप्यातूनच टीव्ही बंद असल्याचं सांगितलं, तशा बायका आत आल्या, "अगं बया, दिसलंच न्हाई व्हय तुला?" आणि अंधार पडेपर्यंत हलल्या नाहीत.

दाजींनी वर जाऊन पाटी घासून पुसली. आठवड्यात पुन्हा मळवट. पुन्हा पुसली, पुन्हा मळवट. शेवटी ते भडकले. "अडाणी बाया! काटेरी तारच मारतो पाटीभवती." तारेचं भेंडोळं अर्थात खेचराच्या खांद्यावर.

आक्का सोप्यातून म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. म्याच सांगितलंय रंगुला, कुंकू लाव म्हणून."

"तू? का?"

"तुमची देवी दिसती, पर बोलत न्हाई. ह्या बाया बोलत्यात. त्या यायच्या बंद झाल्या हो घरी."

दाजी उंबऱ्यावर बसले. मग माझ्या खांद्यावरचं तारेचं भेंडोळं त्यांनी स्वतःच उतरवून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ते एकटेच डोंगरावर जाऊन आले. संध्याकाळी सोप्यात बायकांची ही दाटी! टीव्ही काळा ठिक्कर.

"दाजी, पाटी पुसली न्हाई व्हय?" मी मुद्दाम विचारलं.

"पुसली की. लय घासून पुसली," असं म्हणत त्यांनी खिशातून कुंकवाचा करंडा काढला, गुपचूप देव्हाऱ्यात ठेवला आणि बायकांसाठी चहाचं आधण चढवलं.