मिस्त्रींचं चाकाचं सूप

मिस्त्री कोणाच्या घरी चहाला आले की त्या घरातली एखादी वस्तू उलटी व्हायचीच. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी बसले होते त्या स्टुलावरून त्यांनी मला उठवलं, स्टूल उलटं केलं, पायातला खिळा पाहिला आणि म्हणाले, "कोणत्या गाढवानं ठोकला हा?" तो माझ्या नवऱ्यानं ठोकला होता, आणि नवरा वारून सहा वर्षं झाली होती. मी तसं सांगितलं. दुसरा माणूस ओशाळला असता. मिस्त्री म्हणाले, "मंग आता त्याईले काय बोलता येते! हातोडी असंन तर द्या." तोवर चहा निवला. तो त्यांनी उभ्यानंच, पाणी प्यावं तसा संपवला.

मोताळ्याच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांचं नाव कोणी घेत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणत. फाटकं, ट्रॉलीचे फाळके, पेरणीयंत्राचे फण, असली कामं यायची. काम दिलेल्या तारखेला कधी झालं नाही. आळस म्हणून नाही. काम झालेलं असायचं, माणूस न्यायला यायचा, आणि हे तेवढ्यात पुन्हा एक जोड कापायला घ्यायचे. "चालून राह्यलं ना, मिस्त्री?" असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांना राग यायचा. "चालते तर गाढवही. चालते म्हणजे झालं काय?" त्यांच्या बायकोला, मिस्त्रीणबाईंना, याची सवय झाली होती. त्या मला सांगायच्या, "आमच्या घरचा पंखा दहा वर्षं झाले जमिनीवर हाय. लोकाचं नीट करते हा माणूस अन् घरचं खोलून ठेवते."

मी तेव्हा एका व्यापाऱ्याच्या यार्डात मका वाळवायच्या कामावर होते. अजूनही तिथेच आहे. सिमेंटचा मोठा ओटा आहे. ओला मका येतो, तो सकाळी पसरायचा, दिवसातून दोन-तीनदा उलटायचा, संध्याकाळी गोळा करून रास घालायची आणि ताडपत्री टाकायची. आम्ही आठ जणी. टोळी शांताबाई मुकादमिणीची. तिचा नियम साधा होता: वाटा सगळ्यांना सारखा, तर वजनही सगळ्यांनी सारखं उचलायचं. जिला घमेलं उचलवणार नाही तिनं घरी बसावं. नियम मला पटत होता. मात्र माझी कंबर गेली होती आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलगी लांब दिली. घरी कमावतं दुसरं कोणी नाही. टोळीतून निघाले तर साठीच्या बाईला दुसरी टोळी घेत नाही.

मिस्त्री यार्डाच्या शेडचे पत्रे बसवायला आले होते. दुपारी शिडीवरून उतरले आणि सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमी वाकता तवा उजवा हात मांडीवर टेकवता. कधीपासून?"

मी म्हटलं, "हळू बोला."

"काऊन?"

"हळू बोला म्हटलं ना."

त्यांनी शांताबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिडीवर परत चढले. दुसऱ्या दिवशी पत्र्यांचं काम अर्धं टाकून ते मला पाहत बसले. बसले म्हणजे उभेच होते. माझं नाव विचारलं. मग चार दिवसांनी घरी आले; स्टूल उलटं केलं ते तेव्हाच. खडूनं माझ्या फरशीवर एक आकृती काढली. तेलाच्या पिंपाचा अर्धा तुकडा, त्याला दोन चाकं, मागे लांब दांडा. "न वाकता भराचं, न उचलता न्याचं," म्हणाले. मी विचारलं, "मी सांगितलं होतं काय कराले?" ते म्हणाले, "नाई. पण मले आता झोप येईना."

पहिलं अवजार आणलं तेव्हा चाकं पुढे होती, लहान पोरांच्या सायकलची. पिंपाचा तुकडा चाकांच्या मागे लटकत होता. मिस्त्रींनी ते ओट्याच्या कडेला उभं केलं आणि मक्यावर ढकलणार तोच शांताबाई आडवी आली.

"चाक कुठून आलं हे?"

"दुकानातून. रस्त्यानं ढकलत आणलं."

"अन् ते धान्यावर घालता? आमी चपला कुठी काढल्या दिसत नाई काय तुमाले?"

आमच्या आठ जणींच्या चपला ओट्याच्या खाली ओळीनं होत्या. ओट्यावर चढायच्या आधी आम्ही दाण्याला हात लावून कपाळाला लावतो. व्यापारी स्वतः आला तरी बूट काढतो. एवढं मोठं माणूस, सगळी उमर याच भागात गेलेली, त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. लोखंड पाहायला लागले की त्यांना बाकी दिसत नसे.

"धुऊन देतो चाक," मिस्त्री म्हणाले.

"चपला धुतल्या म्हून देवघरात नेते काय कोणी?"

बायका हसल्या. मिस्त्री लाल झाले. "चाकाले काय चामडं हाय? रबर हाय ते!" असं काहीबाही बोलले आणि अवजार ओढत परत गेले. मला वाटलं, सुटले. खरं सांगायचं तर मला ते नकोच होतं. आठ जणींत एकीलाच अवजार कशाला, असं कोणी विचारलं तर काय सांगणार होते?

पंधरा दिवसांनी परत आले. आता पिंपाचा तुकडा पुढे होता आणि चाकं त्याच्या मागे. सूप पुढे जातं, दाणे उचलतं, आणि झाडल्यासारख्या मोकळ्या झालेल्या सिमेंटवरून चाक जातं. दाण्याला चाक लागतच नाही. दांडा खाली दाबला की सूप वर उचललं जातं, ढकलत न्यायचं, राशीपाशी दांडा वर केला की रिकामं. मिस्त्री शांताबाईला म्हणाले, "तुमी अडवलं ते बरं झालं. चाक पुढी असतं तर दाणा फुटला असता. म्या हे आधी पाह्यलं नाई." चूक कबूल करताना त्यांना लाज वाटत नसे. चूक सापडली की ते उलट खूश व्हायचे. लोखंडाची कड सिमेंटवर खरवडत होती म्हणून तिला त्यांनी पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याची किनार लावली होती.

शांताबाईनं स्वतः दोन खेपा मारून पाहिल्या. "चाकाचं सूपच हाय की हे," ती म्हणाली, आणि तेच नाव पडलं. मिस्त्रींना ते आवडलं नाही. "लेकरू अजून पोटात हाय अन् तुमी बारसं करून राह्यल्या!"

पोटातलं लेकरू म्हणूनच ते त्याला वागवत. दर दोन दिवसांनी पाना खिशात घालून यार्डात हजर. दांडा लांब केला, सूप उथळ केलं, पुन्हा खोल केलं. मी काम करत असताना बाजूनं चालत यायचे आणि "दाबा, आता दाबा, हाव, असं," म्हणत राहायचे. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, मले बैल समजता काय?" तर म्हणाले, "बैल असता तर बरं होतं, बैल बोलत नाई." पण त्या अवजारामुळे मी टोळीत टिकले. गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि घमेली उचलायचं बाकीच्यांकडे, आणि संध्याकाळ अर्धा तास आधी होऊ लागली, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. कंबरेचं गुपित तसंच राहिलं.

दिवाळीनंतर एके दुपारी ते आले आणि "दोन घंट्यासाठी नेतो" म्हणून सूप घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप पाठवला. उत्तर आलं की खोललं आहे. त्या दिवशी सगळा ओटा भरून मका होता. तीनच्या सुमाराला बुलडाण्याकडून आभाळ काळं झालं आणि वारा सुटला. अशा वेळी कोणी कोणाशी बोलत नाही. मीही घमेलं घेतलं. चार नेली. पाचवं उचलताना कंबरेत काहीतरी कडकन झालं आणि मी मक्यातच बसले. उठता येईना. शांताबाईनं घमेल्याला हात घातला, तेव्हा तिनं माझा चेहरा पाहिला.

"कधीपासून हाय हे, वच्छला?"

मी सांगितलं. आता लपवून काय उपयोग होता?

संध्याकाळी ती घरी आली. वाईट बोलली नाही. म्हणाली, "जागा ठेवतो, पण बदली दे. घरचं माणूस पाह्यजे, भाड्याचं चालत नाई." टोळीत तशीच रीत आहे. सून, बहीण, जाऊ, कोणीही उभी राहते. माझ्याकडे उभं राहायला कोणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

तिच्या मागोमाग मिस्त्री आले. मी पडल्या पडल्या जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "तुमच्या हौसेपायी माही जागा गेली." माफी मागतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कितव्या घमेल्याले गेली कंबर?"

"पाचव्या. निघा आता."

पुढचं मला शांताबाईनं सांगितलं. सकाळी सातला मिस्त्री ओट्याखाली आले, चपला काढून आमच्या ओळीत ठेवल्या, दाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "मी वच्छलाबाईची बदली." बायकांना हसू आवरेना.

"काय लागता हो तुमी तिचे?"

"तिचं अवजार माह्याजवळ हाय. अवजाराकडून लागतो."

"मंग साडी नेसून या, मिस्त्री! टोळी बायाची हाय."

पासष्टीचा माणूस नऊ दिवस मका ओढत होता. दुकान बंद ठेवून. निम्मा वेळ घमेल्यानं, निम्मा वेळ अर्ध्या जोडलेल्या सुपानं. दुपारी बायका सावलीत टेकायच्या तेव्हा हे उलटं केलेलं सूप आणि पाना. शांताबाईला त्यांना हाकलता आलं असतं. तिनं हाकललं नाही.

दहाव्या दिवशी मी गेले तर दांडा मधून वाकवून खाली आणलेला होता. मिस्त्रींच्या तळहातांना फोड होते. म्हणाले, "म्या माह्या उंचीचा दांडा केला होता. तुमी बुटक्या. दाबाले तुमाले खांद्यातून जोर लावा लागे, तो कंबरेत जाये. नऊ दिवस गुडघे वाकवून चाललो तवा समजलं." मी सूप हातात घेतलं. खरंच हलकं झालं होतं. त्यानंतर मी एक अट घातली: मका पसरलेला असेल त्या दिवशी सुपाला हात लावायचा नाही. बाजाराच्या दिवशी यार्ड बंद असतं, तेव्हा काय करायचं ते करा. त्यांनी ती पाळली. चार वर्षं पाळली.

मग त्यांची नजर गेली. आयुष्यभर काच न लावता वेल्डिंग करायचे, होणारच होतं. मुलगा नाशकाला कामाला होता, तो दोघांना न्यायला आला. जायच्या दिवशी सकाळी मिस्त्री यार्डात आले. ओटा भरलेला होता.

"वच्छलाबाई, सुपातलं एकच काम राह्यलं. एक घंटा द्या."

"आज नाई. आभाळ पाहा."

"मले दिसत नाई आभाळ."

"मले दिसते. काय राह्यलं ते सांगा, मी करून घेतो."

"सांगून नाई समजत. हातानं पाहा लागते."

मी दांडा सोडला नाही. मागच्या वेळी दोन घंट्यांसाठी नेलं होतं, ते मी विसरले नव्हते. ते "बरं" म्हणाले, चाचपडत चपला शोधल्या आणि गेले. त्या दिवशी पाऊस आला नाही.

तीन महिन्यांनी तिकडेच वारले. मिस्त्रीणबाईंचा फोन आला तेव्हा ओट्यावर तूर होती. काम संपवून घरी गेले. जेवण गेलं नाही, एवढंच.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण त्यांना काय दिसलं होतं, ते मला कळायला हवं. सूप ढकलताना आता माझं लक्ष दाण्यांवर नसतं. सूप भरलेलं असताना वळवलं की डावं चाक किंचित मागे राहतं. किनारीचा पट्टा एका टोकाला लवकर झिजतो. दांडा दाबताना बारीक कुरकुर होते, ती उन्हात थांबते. यातलं एक असेल, किंवा तिन्ही मिळून एकच असेल. मला लोखंडातलं कळत नाही, चौथी शिकलेली बाई मी. रात्री कूस बदलली तरी तेच.

परवा ट्रॅक्टरवाल्याकडून पाना मागून घेतला आणि सूप शेडमध्ये उलटं केलं. पहिला नट निघायला वेळ लागला. शांताबाई आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पागल झाली काय? उद्या पाच ट्रॉल्या मका येऊन राह्यला. चांगलं चालते अवजार काऊन खोलून राह्यली?"

"बाजूले हो," मी म्हटलं. "उजेड अडते."