माळवद उतरवलं तेव्हा

उदगीरच्या बसस्टँडवर आप्पांनी माझी पेटी गाडीच्या टपावर चढवली आणि शिडीवरून उतरत म्हणाले, "रडायलीस कशाला? नांदेड काय मुलकाच्या बाहेर हाय का?" धुळीने डोळे चुरचुरतात, असं मी सांगितलं. धूळ होतीच, पण मी रडतही होते. आई, म्हणजे आमची अव्वा, स्टँडवर आलीच नव्हती. पाण्याचा टँकर यायची वेळ होती, रांग सोडून कशी येणार?

दुष्काळाचं वर्ष होतं. मोंढ्यात आमची धान्याची आडत, पण धान्यच येत नव्हतं. आप्पा दुपारभर दुकानाच्या ओट्यावर बसून असायचे. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा. पत्ता लिहिताना लोकांचा हात अजून उस्मानाबादकडे वळायचा. ओट्यावर बसल्या बसल्या आप्पांनी माझं ठरवून टाकलं होतं. "जिल्हा झालाय म्हणल्यावर हापिसं बांधतेत, दवाखाने बांधतेत. तू बांधायचं शिक. नोकरी दारात येती."

घराजवळ राहता यावं म्हणून मी सिव्हिल शिकले, आणि त्याच शिक्षणाने मला समुद्रापार आणून सोडलं. याचं आप्पांना पुढे हसू यायचं, मला अजूनही येतं.

नांदेडच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी बादलीभर पाण्याने आंघोळ केली, तेव्हा इतकं पाणी सांडताना कुणीतरी बघेल अशी भीती वाटली. मैत्रिणी अर्धापूरची केळी आणायच्या, माझ्या बोलण्यातल्या "करायलाव, जायलाव"ला हसायच्या. मी रुळले. इमारतीवर कोणकोणतं वजन येतं, वारा किती ढकलतो, हे सगळं शिकले. भूकंपाचा धडा मात्र सरांनी चार वाक्यांत संपवला. आपल्याकडची जमीन शांत आहे, असं तेव्हा सगळेच मानत होते.

मग ती जमीन हलली. मी नांदेडला नोकरीत होते, पडलेली घरं पाहायला गेलेल्या पथकात मलाही घेतलं. जे पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. तुम्हा गावाकडच्यांपैकी अनेकांनी ते माझ्याहून जवळून पाहिलंय. एकच सांगते. हातभर जाडीच्या दगडी भिंती, ज्यांच्या जिवावर लोक निर्धास्त झोपत होते, त्या कोपऱ्यांतून उघडून बाहेर फुटल्या होत्या आणि छपराची माती घेऊन खाली बसल्या होत्या. शेजारीच कडब्याचं छप्पर असलेला गोठा उभा होता. आत म्हैस रवंथ करत होती.

तिथून मी रजा काढून थेट उदगीरला गेले. आमचं घर उभं होतं, दोनचार भेगा पडलेल्या. वर माळवद. तुळयांवर लाकडी फळ्या आणि त्यावर आजोबांपासून दर उन्हाळ्यात चढवलेली पांढरी माती. आप्पांना त्या माळवदाचा भारी अभिमान. सगळी गल्ली अंगणात झोपत होती, आप्पाही. तरी माळवद काढून हलका पत्रा घालायचा म्हटल्यावर ते उखडले.

"वरची माती काढली की उन्हाळ्यात घराची भट्टी हुती. तुला पंखा हाय, इथं लाईट ऱ्हातेत का?"

मी म्हटलं, "आप्पा, डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालाला धक्का दिला तर?"

"पडंल की."

"आणि रिकाम्या हमालाला?"

"भिंत हमाल हाय का?" आप्पा म्हणाले आणि दुकानाकडे निघून गेले.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. शेवट अव्वाने केला. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "मी पत्र्याखाली निजणार. तुमी निजा तुमच्या माळवदाखाली." आप्पांनी मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी गवंड्याला निरोप स्वतःच धाडला.

माती उतरवायला लागलो, तर थरावर थर निघाले, पिवळट, करडे, पांढरे. आप्पा घमेल्याजवळ उभे राहून सांगत होते, "ही बाबांच्या हातची. ही तुझ्या जन्माच्या साली टाकलेली." ती माती टाकून द्यायला त्यांनी साफ नकार दिला, परसात पसरली. अव्वाने तिच्यात घेवडा लावला. आम्ही भिंतींना जागोजागी आरपार सळया घालून दोन्ही अंगं एकमेकांना बांधली. दारांच्या वर घराला चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घातला. वर पत्रा, आणि उकाड्यासाठी पत्र्याखाली बांबूचे तट्टे.

काम संपलं आणि काही दिवसांनी पुन्हा धक्का आला. भर दुपारी, चहा उकळत होता. मांडणीवरची भांडी वाजली. सगळी गल्ली रस्त्यावर धावली, आप्पा सगळ्यांच्या पुढे! जरा वेळाने ते एकटेच आत आले. एकेका कोपऱ्यापाशी गेले, गिलाव्यावर बोट फिरवून पाहिलं. कुठे केसभरही भेग नव्हती. मग अंगणातली बाज उचलून आत आणली आणि मला म्हणाले, "चा गार व्हायलाय."

पुढच्या आठवड्यात शेजारचे काका आले. "बाई, आमच्याबी भिंती बघ की." मग त्यांचे व्याही, मग जळकोटहून कुणी. नोकरीत जे समाधान मिळत नव्हतं ते मला त्या गल्लीत मिळालं. भूकंपात घरं कशी टिकवायची, हेच पुढे शिकायचं असं तिथेच ठरलं.

शिकत शिकत वेलिंग्टनला पोचले. न्यूझीलंडचं हे गाव इतकं हलतं की धक्का बसला तर लोक टेबलाखाली जातात आणि बाहेर आल्यावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे बोलतात. इथे मी मोठ्या इमारतींखाली रबराच्या जाड गाद्या बसवायचं डिझाइन करते. जमीन हलली तरी वरचा मजला हळू डुलावा म्हणून. घर लाकडी आहे, वारा भन्नाट आहे, दुकानात "किया ओरा" म्हणून नमस्कार करते आणि घरी ज्वारीच्या पिठाची ऑर्डर द्यावी लागते. नवरा इथेच भेटला, कोल्हापूरचा. माझ्या हातच्या भाकरीला तो अजून नावं ठेवतो.

तुम्ही जे तिथे राहिलात त्यांना वाटतं आम्ही सुटलो, आणि जे निघालो त्यांना वाटतं आपलं काहीतरी सुटलं. मलाही वाटायचं. मागच्या खेपेला उदगीरला होते. बॅग भरताना तोंडातून सहज गेलं, "घरी पोचले की फोन करते."

अव्वा घेवडा निवडत होती. तिचा हात थांबला. "तिकडल्यालाबी घर म्हणायलीस व्हय आता?"

मी ओशाळले.

"अगं, म्हण की," ती म्हणाली. "बिनघोर झोप लागती ना तिथं?"

"लागते, अव्वा."

"मंग झालं." आणि तिने पुढची शेंग उचलली.