आबांची सरळ नळी

माझ्या साडूंचे थोरले बंधू हे मला माहीत असलेले एकमेव गृहस्थ आहेत, जे स्वतःच्या आधी पोचतात. निरवांगीहून ते बारामतीला आमच्याकडे आले, की आधी त्यांच्या गाडीचा आवाज येतो, मग कॉलनीतली कुत्री उठतात, मग समोरच्या बाई वाळत घातलेले कपडे आत घेतात, मग माझी बायको चहाचं आधण ठेवते, आणि या सगळ्यांचं आवरून झाल्यावर सावकाश आबा येतात. मोठा आवाज करत येणाऱ्या माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. आमच्या भागात पांढऱ्या गाड्यांचे ताफे पुष्कळ फिरतात, आणि ज्याच्या ताफ्यात भोंगे जास्त त्याच्याजवळ सांगण्यासारखं कमी, असा माझा अनुभव आहे. पण आबांच्या गाडीवर ना झेंडा, ना कुणाचा फोटो, ना काचेवर कुणाच्या कृपेचा उल्लेख. स्वतः आबा तर इतकं हळू बोलतात, की लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांचं ‘जरा मीठ’ न ऐकताच दोनदा पुढे निघून जातो.

गाडी जुनी, डिझेलची, मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली. आबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, होत्या तोवर ती चारचौघांच्या गाड्यांसारखीच चालत असे. वहिनी गेल्या, मुलगा पुण्यात नोकरीला, आणि वस्तीवर उरले आबा, दोन म्हशी आणि ऊस. उसाला पाणी द्यावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागत नाही, आणि आबांची अडचण नेमकी तीच होती. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी काही काम नसताना ते बारामतीला येऊ लागले, आणि येताना त्यांनी एक नियम घातला: निरवांगीच्या फाट्यावरून गाडी रिकामी पुढे न्यायची नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करायची आणि कुणीतरी बसेपर्यंत हलायचं नाही. भाडं कुणाकडून घेत नसत. अपेक्षा एवढीच, की बसणाऱ्याने बारामतीपर्यंत काहीतरी बोलत राहावं. विषयाची अट नव्हती. एकाने एकदा सबंध रस्ताभर स्वतःच्या दाढदुखीचं वर्णन केलं, तर आबा आठवडाभर म्हणत होते, काय माणूस हाय, काय बोलतोय.

अडचण अशी झाली, की लांबच्या वस्त्यांवरची माणसं पायवाटेने फाट्यावर पोचेपर्यंत आबा निघून गेलेले असत. शेजारच्या रानातले तात्या एकदा सहज म्हणाले, “आबा, तुमी कवा गेला ते कळलंच न्हाय.” या एका वाक्याने पुढचं सगळं घडलं. आबांनी गाडी काढली ती थेट वरकुट्याच्या एका मेकॅनिकपुढे उभी केली आणि म्हणाले, “हिला जरा ऐकू जाईल असं कर.”

डिझेलच्या गाडीखालचा सायलेन्सर म्हणजे आवाज अडवणाऱ्या खणांचे दोन डबे, एक मधे, एक मागे, आणि त्यांच्या पुढे धुरातली घाण पकडणारा एक जाळीचा डबा असतो, हे मला आबांमुळे कळलं. हे डबे काढून त्या जागी सरळ नळी घातली, की इंजिनाच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. तरुण पोरं हे रुबाबासाठी करतात. आबांनी ते लोकांच्या सोयीसाठी केलं. पहिल्या खेपेला फक्त मागचा डबा निघाला, आणि त्या बाजारच्या दिवशी खरोखरच लांबून लांबून माणसं फाट्यावर वेळेत आली. दोन्ही बाकडी भरली. एक जण मागे लोंबकळला. आबा इतके खूश होते, की आमच्याकडे चहा पिताना त्यांनी बशी उलटी धरली होती.

पण हाक लांब जाते, तशी ती जवळच्यालाही ऐकू येते. गाडीत आता कुणाचं बोलणं कुणाला समजेना. तात्यांनी फाट्यापासून बारामतीपर्यंत लेकीच्या सोयरिकीची हकिगत सांगितली. आबा मान डोलावत होते. बारामतीत गाडी थांबल्यावर ते मनापासून म्हणाले, “चांगलं झालं.” सोयरीक मोडली होती. तात्या पिशवी उचलून उतरले. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर मागच्या फटीतून आत आलेल्या काजळीचा पट्टा उठला होता, आणि खोकला तर त्यांना आधीपासूनच होता.

हळूहळू फाट्यावरची माणसं कमी झाली. आबांनी त्याचा जो अर्थ काढला तो फक्त आबाच काढू शकतात. त्यांना वाटलं, आवाज अजून पुरेसा लांब जात नाही. मग मधला डबा गेला, मग जाळी गेली. आता गाडीमागे असा धूर सुटे, की सुप्याच्या एका लग्नाला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा अभयारण्याच्या कडेला चिंकारा आम्हाला दिसले ते फक्त पाठमोरे, आणि तेही पळणारे. लग्नात माझ्या बायकोला तिघींनी विचारलं, स्वयंपाक करता करता आलात का? धुराच्या तपासणीला जायचं असलं, की आबा गोठ्याच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले मूळचे डबे काढत, दोन दिवसांपुरते बसवत आणि तपासणी झाली की परत काढून ठेवत. एकदा ते विसरून तसेच गेले. तपासणाऱ्याने नळीत सळई घातली, आबांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, आणि धूर विरल्यावर चष्मा पुसत नम्रपणे म्हणाला, “आबा, ही गाडी हाय का गुऱ्हाळ?” आबांनाही ते पटलं असावं, कारण पुढे कित्येक दिवस ते स्वतःच हा प्रश्न सगळ्यांना सांगत होते.

खरा प्रकार मला फाट्यावर कळला. निरवांगी गावात राहणाऱ्या साडूंकडून परत येताना मी बसची वाट पाहत टपरीवर चहा घेत होतो. आणखी पाचसहा जण होते, पिशव्या घेऊन बारामतीलाच निघालेले. कालव्याच्या बाजूने तो ओळखीचा घुमारा आला, तशी ती सगळी मंडळी कप हातात घेऊन, शाळेतल्या कवायतीसारखी टपरीच्या मागे गेली. त्यात तात्याही होते.

“आबा येत्यात,” टपरीवाला मला म्हणाला. “जायचं तर जावा मागं.”

मी बसून राहिलो. आबा आले, गाडी थांबवली, इकडेतिकडे पाहिलं. “कुनीच न्हाय व्हय रं?”

“न्हाय आबा,” टपरीवाला कप विसळत म्हणाला. “आज कुनीच न्हाय.”

मी पुढे आबांच्या शेजारी बसलो. गाडी सुटल्यावर बाजूच्या आरशात मला ती सगळी मंडळी कप घेऊन पुन्हा बाहेर येताना दिसली. आबांची नजर रस्त्यावर होती. ते मोठ्याने ओरडले, “बघा पाव्हणं, अजून ऐकूच जात न्हाय लोकांना. आणिक मोठी नळी घालाया पायजे.” मी जिवाच्या आकांताने ओरडून त्यांना खरं काय ते सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, “चांगलं झालं.”

त्या दिवशी घरी गाडी बंद होती, कुत्री शांत झाली होती, आणि आमच्या घरात खरं बोलण्याचं काम ज्यांच्याकडे आहे त्या बाई चहा घेऊन समोर बसल्या. माझी बायको म्हणाली, “आबा, राग मानू नका. लोकांना ऐकू येतंय म्हणूनच ते लपतात. कानठळ्या बसतात त्यांना. धुरानं डोकं उठतं. आणि तुमच्याशी बोलता येत नाही, मग बसून काय करायचं?”

आबांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला, बशी थोडी फिरवून नीट केली.

“तात्या बी?” त्यांनी विचारलं.

“तात्या बी,” ती म्हणाली.

मग आबा उठले. गेटपाशी त्यांनी गाडी सुरू केली आणि, मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. कारण कॉलनीच्या टोकापर्यंत ते पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्यापेक्षाही हळू गेले.

पुढच्या बाजारापर्यंत मूळचे डबे पुन्हा गाडीखाली बसले होते. फाट्यावर काय झालं ते मला टपरीवाल्याकडून समजलं. गाडी इतकी गुपचूप आली, की कुणाला लपायला वेळच मिळाला नाही. तात्या हातात पिशवी घेऊन, समोर उभ्या असलेल्या आबांकडे पाहत राहिले. “चला तात्या,” आबा म्हणाले. तात्या म्हणाले, “आज मला जायाचं न्हाय, आबा.” बाकीचे कपात पाहत होते. आवाज गेला होता, पण आता मधे लाज येऊन बसली होती, आणि ती काढायला वरकुट्याचा मेकॅनिक उपयोगाचा नव्हता. आबा नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. मग त्यांनी स्वतःचा नियम मोडला आणि रिकामी गाडी पुढे नेली.

मी व्हरांड्यात वाचत बसलो होतो. पान उलटताना सहज वर पाहिलं, तर गेटसमोर गाडी उभी, इंजिन चालू, आणि आत आबा. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते कधी हॉर्न वाजवत नसत, तशी वेळच कधी आली नव्हती. मी बाहेर गेलो.

“आबा, हाक तरी मारायची.”

“म्हटलं, वाचताय.” मग शेजारचं दार उघडत ते म्हणाले, “इंदापूरपतुर जाऊन यायचं का? काम काय न्हाय.”

मी बसलो. गाडी खरोखरच शांत चालत होती. काचेवर वारा आपटण्याचा आवाजसुद्धा कळत होता. बारामती मागे पडल्यावर आबांनी विचारलं, “ऐकू येतंय न्हवं पाव्हणं?”

“येतंय की.”

“मग बोला कायतरी.”

इतकी वर्षं पुस्तकं वाचलेला माणूस मी, पण मला एक वाक्य सुचेना. दोन्ही बाजूंनी नुसता ऊस मागे जात होता. शेवटी जे मनात होतं तेच विचारलं, “वहिनी गाडीत काय बोलायच्या?”

आबांनी बराच विचार केला.

“ती कुठं बोलतीया? बसली की झोपायची. बारामती आली की उठवायचो.”

“आणि तुम्ही?”

“मी गप चालवायचो.”

मी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने आबांनी गाडीचा वेग आणखी कमी केल्याचं मला जाणवलं.