गॅदरिंगमधलं भुलाबाईचं गाणं

डिसेंबरच्या गॅदरिंगला आठ दिवस उरले होते आणि प्रिन्सिपल मेश्राम सरांनी प्रोग्रामच्या यादीतल्या एका गाण्यावर काट मारली.

"मॅडम, हे स्टेजवर नको."

मी मनीषनगरच्या एका शाळेत संगीत शिकवते. शाळा बौद्ध ट्रस्टची, मुलं सगळ्या घरांतली. काट बसली ती आठवीतल्या श्रावणीच्या गाण्यावर. भुलाबाईचं गाणं, म्हणजे आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली पार्वतीला माहेरवाशीण मानून म्हणतात, ते. तिनं आजीकडून शिकलेलं. काळी पाचमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, पोरगी सहज गायची.

मी म्हटलं, "सर, देवीचं नाव काढून टाकते. दोन शब्द बदलले की झालं."

"तिच्या घरचं गाणं काहून बिघडवता? ते पुरं राहू द्या." मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली, देव सोडले. ही शाळा तशाच लोकांनी उभी केली. इथल्या स्टेजवर देवीचं गाणं मला नाही जमणार."

मला राग आला होता. पण आधीच्या शाळेतली एक मुलगी आठवली. प्रार्थनेला हात जोडत नाही म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. कारण विचारलंही नव्हतं. म्हणून सरांशी पुढे वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रावणीची आई आली. "मॅडम, महिनाभर पोरगी गाऊन राहिली. तेव्हा कोणी बोललं नाही. आता तिले काय सांगू?"

मी ते सरांना जाऊन सांगितलं. सरांनी श्रावणीला स्वतः बोलावलं.

"सर, माझं गाणं वाईट आहे का?"

"नाही बेटा. तुझ्या अंगणात हे गाताना कोणी अडवलं तर मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. फक्त या शाळेचा विचार वेगळा आहे. आधी सांगायला पाहिजे होतं, ते आम्ही चुकलो."

मी तिला देवाचं नाव नसलेलं, धानाच्या रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं गाणं सुचवलं. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, "मले दुसरं नाही गायचं, मॅडम." गॅदरिंगला ती हार्मोनियमवर बसली. वाजवलं छान, तोंड उघडलं नाही. आईनं शाळा बदलली नाही, पण माझ्याशी नीट बोलायला तिला बरेच महिने लागले.

शाळेला आपल्या विचारांप्रमाणे गाणी निवडता यावीत, हे मला आता पटतं. म्हणून स्टेजवर देवादेवींची गाणी नाहीत, हा नियम मी जूनच्या पालकसभेतच वाचून दाखवते. जूनमध्ये सांगितला तर तो नियम असतो. डिसेंबरमध्ये सांगितला की एका पोरीचा अपमान होतो.