तीन हातांची नर्स

मला एका शालीनं पाडलं. जन्मभर शाल-श्रीफळाची टिंगल केलेल्या माणसाला याहून नेमकी शिक्षा कुणी ठरवूनही दिली नसती. अवसरी खुर्दला साधेपणा या विषयावर बोलायला गेलो होतो. भाषण झालं, सत्कार झाला, आणि व्यासपीठावरून उतरताना खांद्यावरची शाल पायात आली. खुब्याचं हाड मोडलं. नारळ मात्र मी हातातून सोडला नाही, असं मला उचलणाऱ्यांनी नंतर कौतुकानं सांगितलं.

ऑपरेशन होऊन खोडदच्या घरी आलो तो पाठीला एक जखम घेऊन. फार दिवस उताणं पडून राहिलं की कमरेखाली कातडी फाटते, तशी. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं तिथूनच फोनवर एक एजन्सी शोधली आणि नारायणगावहून स्कूटीवर एक नर्स रोज यायला लागली. मूळची मढची, चाळिशीतली. साडीवर निळा ॲप्रन, आणि मनगटावर घड्याळ, पण त्याची तबकडी आतल्या बाजूला. नाडी धरल्या धरल्या वेळ दिसावी म्हणून.

पहिल्या दिवसाची लाज अजून ताजी आहे. उभी हयात कॉलेजात मराठी शिकवण्यात गेली. लाज, संकोच, शरम, खजिलपणा यांतला फरक मी मुलांना फळ्यावर समजावून दिला होता. त्यातलं काहीही कामाला आलं नाही. तिनं कोमट पाण्याची बादली आणली, दार लोटलं, बाह्या वर केल्या.

"बायकोला बोलवू का?" मी विचारलं.

"बोलवा की. पण मग तुमी दोघंबी लाजाल. आता एकटंच लाजताय."

मी बोलावलं नाही.

आंघोळ, औषधं, जखमेचं ड्रेसिंग हे काम झालं. हजेरी वेगळी. हजेरीसाठी तिला माझ्यासोबत फोटो काढून एजन्सीला पाठवावा लागे. आल्यावर एक, जाताना एक. फोटो पोचला तर ती आली होती. नाही पोचला तर ती आलीच नव्हती, मग माझी पाठ काहीही सांगो. फोटोत पेशंटच्या खांद्यावर हात हवा, आपुलकी दिसली पाहिजे, असाही वरून हुकूम होता. ती एका हातानं मोबाइल लांब धरी आणि दुसरा माझ्या खांद्यावर ठेवी.

"आली का आपुलकी?" मी रोज विचारी.

"आली, पण तुमचं त्वांड लई कडू आलंय."

पलंगावर पडलेल्या माणसाला घर खालून दिसतं. उभं असताना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. माझ्या पलंगावरून स्वयंपाकघराची खिडकी दिसे आणि खिडकीत एक दांडी तुटलेला कप. तो तिचा. आमच्या घरात जातपात पाळत नाहीत; कप वेगळा ठेवतात, एवढंच. मला भेटायला पाहुणे आले की बायको तिला हाक मारी, "ताई, जरा चहाचं बघता का?" आणि ती हातमोजे काढून बघायची. पाहुणे आजाऱ्याला भेटायला येतात ते बसायला येतात. ते उठेपर्यंत ड्रेसिंग थांबे, आणि ड्रेसिंग लांबलं की ती अंधार पडायच्या बेतानं निघे. रस्त्याला दोन्हीकडं ऊस. आमच्याकडं ऊस उभा असला की बिबट्याही उभा असतो. ती मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून स्कूटी हाकी. एका संध्याकाळी वळणावर तो रस्त्यातच बसलेला होता म्हणे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, त्यो बी पेशंटसारखाच. आपण थांबलं की उठतो."

ती मोठ्या दवाखान्यात काही वर्षं होती. ते सोडून हे असं दारोदार का, असं मी विचारलं, तेव्हा ती माझी पट्टी उलगडत होती.

"तिथं खाटा लई. एकाचं सलाईन लावलं की दुसरा वरडतोय. कोण बरा होऊन गेला, कोण गेला ते डूटी बदलली की कळायचंच न्हाई. हितं जखम भरती ती माझ्या डोळ्यासमोर भरती. खोटं कशाला बोलू, सर, तुमची जखम माझ्या सपनात येती."

"म्हणजे माझ्यापेक्षा माझी पाठ बरी."

"पाठ उलटं बोलत न्हाई."

पलंगाजवळच्या खिडकीतून एक अँटेना दिसते, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्यांपैकी. ती सावकाश मान फिरवी तेव्हा मला तिचा हेवा वाटे. तिला कूस बदलायला कुणी लागत नाही, असं मला वाटायचं. हे मी नर्सबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिलाबी आत बसून कोणतरी फिरवत असंलच की."

मग एका दुपारी शेजारचा बागायतदार आला. पायरीवरूनच ओरडला, "सर, लागलं की तुमी! स्टँडसमोर!"

त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. नारायणगावच्या स्टँडसमोर, एका भावी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सला खेटून, मी लागलो होतो. बनियनवर. केस उभे, दाढी वाढलेली, आणि पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी, स्वच्छ, खिडकीतल्या उन्हात चमकणारी. वर लिहिलं होतं, 'आपल्या माणसाची काळजी, आपुलकीनं, घरपोच'. फ्लेक्सवर मी स्टाफरूममध्ये किती बोललो असेन, त्याला मोजमाप नाही. चौकाचौकांत हात जोडून उभ्या राहणाऱ्या त्या चेहऱ्यांना मी 'निवडणुकीआधीच उगवलेले देव' म्हणे, आणि ते वाक्य तालुकाभर फिरलं होतं. आता मी त्यांच्या रांगेत होतो, पिशवीसकट.

"लई झकास आलाय, राव," बागायतदार म्हणाला. "पण ही बाई कोण वो? हिला तीन हात हायेत."

तेव्हा मी नीट बघितलं. माझ्याशेजारी आमच्या नर्सबाई नव्हत्या. त्यांच्या जागी एक गोरीपान, पांढऱ्या टोपीतली, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली तरुणी हसत होती. इंटरनेटवरून उचललेली असावी. तिनं दोन्ही हात जोडले होते. आणि तिसरा, सावळा, माझ्या खांद्यावर होता. मनगटावर घड्याळाचा पट्टा होता. तबकडी आतल्या बाजूला. बाकीची बाई पुसून टाकली होती, हात तेवढा पुसायचा राहिला होता, किंवा आपुलकीसाठी मुद्दाम ठेवला होता.

त्या दिवशी त्या आल्या त्या स्टँडवरून, म्हणजे फ्लेक्सखालूनच. दारातच थांबल्या.

"सर, मी तसा पाठवला न्हवता. हजेरीचा व्हता त्यो. शर्ट घालायच्या आधी काढला, उशीर झालता म्हणून."

"माहीत आहे."

"तुमी तक्रार कराल. करा, तुमचा हक्क हाय. पर तक्रार आली की बाईलाच काढत्यात. आन् एकानं काढलं की तालुक्यात दुसरा घेत न्हाई, त्यांचा समद्यांचा ग्रुप हाय. पोरगी औंदा नर्सिंगला लागलीय माझी."

एवढंच बोलून त्यांनी पाणी गरम करायला ठेवलं. मला वाईट वाटत होतं, पण ते माझं मला, त्यांच्यासाठी नाही.

मुलाला संध्याकाळपर्यंत पुण्यात तो फोटो पोचला होता. तो फोनवर पेटलेला. "बाबा, मी त्या माणसाला सोडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा असा फोटो? आणि त्या बाईला आधी बंद करा, तिनंच काढला ना?"

मी 'बघू' म्हणालो. तक्रार त्यानं केलीच.

एजन्सीचा मालक दुसऱ्या दिवशी हजर. तिशीतला, पांढरा कडक शर्ट, मागं एक कॅमेरावाला. हातात शाल आणि श्रीफळ. शाल बघून माझा खुबा दुखला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं ती माझ्या पांघरुणावर पांघरली, नारळ पोटावर ठेवला. बायकोनं कपाटातला कपबशांचा सेट काढला. नर्सबाईंनी ट्रे आणला. मालकानं त्यांच्याकडं न बघता कप उचलला.

"सर, झालं ते वाईटच झालं," तो म्हणाला. "तुमच्यासारखा विद्वान माणूस. पण आमची काय चूक नाय. सिस्टरनी फोटो ग्रुपवर टाकला, आमच्या डिझायनरला वाटलं, परवानगी आसंल. आता या सिस्टरना आजपासून बंद. उद्या दुसरी पाठवतो, चांगली, ट्रेनिंग झालेली. फ्लेक्स बी उतरवतो. विषय संपला."

नर्सबाई ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ट्रेमधल्या उरलेल्या कपाकडं बघत होत्या. तो बायकोचा होता.

मी लगेच बोललो नाही, हे लिहिलं पाहिजे. क्षणभर मला फक्त 'फ्लेक्स उतरवतो' एवढंच ऐकू आलं होतं, आणि त्या शब्दांनी जिवाला थंडावा मिळाला होता. स्टँडवरून मी नाहीसा होणार, पिशवी नाहीशी होणार. बदल्यात एक बाई जाणार, आणि तो निर्णय माझा नसणार. इतका सोयीचा सौदा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

मग मी म्हणालो, "परवानगी होती."

"काय?"

"फोटोला. मीच म्हणालो होतो, वापरा. मुलाला सांगायचं राहिलं."

बायको माझ्याकडं बघतच राहिली. मालकाचा चेहरा असा उजळला की मला माझ्या खोट्याची किंमत तिथंच कळायला लागली.

"मग काय, सर! मला वाटलंच. तुमी मोठ्या मनाची माणसं. मग फ्लेक्स राहू द्यायचा ना? आन् दोन शब्द बोला की कॅमेऱ्यासमोर. एजन्सीबद्दल. तुमचं मराठी म्हंजे..."

"बोलतो. पण फ्लेक्सवर यांचा चेहरा टाका. हात यांचा आहे."

तो हसला, मला लहान मुलासारखं समजावत. "सर, लोकांना टोपीवाली लागती. साडीवाली टाकली की धुण्याभांड्याची वाटती. मार्केट आहे ते."

हे तो त्यांच्यासमोर म्हणाला. त्या ट्रे घेऊन आत गेल्या. मी शाल पांघरून, पोटावर नारळ घेऊन, कॅमेऱ्यासमोर बोललो. एजन्सीबद्दल एक वाक्य, आणि उरलेलं सगळं त्यांच्याबद्दल: जखम कशी भरत आणली, अंधारात उसातून कशा जातात, हजेरीच्या फोटोत उभ्या राहून कशा पुसल्या गेल्या. बरं बोललो, असं वाटलं. व्यासपीठावरून उतरायचं नसल्यामुळं यावेळी पडलोही नाही.

व्हिडिओ आला तेव्हा त्यात ते एजन्सीबद्दलचं वाक्य होतं, मागं सनई होती, आणि शेवटी मी हात जोडले होते. हात मी नारळ सावरायला जवळ आणले होते.

त्या येत राहिल्या. नोकरी राहिली. फ्लेक्सही राहिला. खिडकीतला दांडी तुटलेला कप मी बायकोला आत, घरच्या कपांत ठेवायला लावला. त्यानंतर त्या आमच्याकडं चहाच घेत नाहीत, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितात. हेही मी पलंगावरून बघतो.

परवा त्या ड्रेसिंग करत होत्या आणि हसत होत्या. त्यासाठी मला कुशीवर वळावं लागतं, तोंड भिंतीकडं.

"काय झालं?"

"काल अवसरीला नवीन पेशंट दिलता मला. म्हातारी. गेले, बेल वाजवली. सून आली, वरनं खालपर्यंत बघितलं आन् म्हणती, तुमी नका, आमी फ्लेक्सवरची सांगितलीय. मी म्हणलं, अवो, फ्लेक्सवर मीच हाय. म्हणती, कुठं हाय? मी हात दाखवला." त्यांनी पट्टी चिकटवली, कडा दाबल्या. "दार लावलं तिनं. तिचं बी काय चुकलं म्हणा, हातावरनं कोण वळखतंय?"

त्या पुन्हा हसल्या. जखम आता नखाएवढी राहिली आहे म्हणाल्या. भरली की इथलं काम संपलं.

"झालं, सर. वळा आता हिकडं. फोटो काढायचाय."

वळलं की त्यांच्याकडं बघावं लागणार होतं. भिंतीवर पोपडा आलेला आहे, तो मी बघत होतो.

"राहू द्या जरा असंच," मी म्हणालो.